सराव कसा करावा ?

शाळाशाळांच्या सामन्यांचे दिवस जवळ आले म्हणजे मैदानें सकाळ-संध्याकाळ गजबजूं लागतात. अशा वेळीं प्रत्येक शाळेंत एक तरी मुलगा असा आढळतो कीं, सरावाच्या वेळीं त्याचा एकहि फटका चुकत नाहीं. पाहणारे म्हणतात, "यंदाची ढाल आपलीच!" परंतु प्रत्यक्ष सामन्याच्या दिवशीं त्याच मुलाचें सारें कौशल्य उन्हांतील दंवाप्रमाणें नाहींसें होतें. घरीं परतल्यावर वडील विचारतात, "अरे, महिनाभर रोज दोन तास खेळत होतास ना? मग आज झालें तरी काय?" बिचाऱ्यापाशीं उत्तर नसतें. असा प्रसंग दोन-तीन वेळां आला म्हणजे तो मनाशीं ठरवितो कीं, हा गुण आपल्या अंगींच नाहीं. आणि खेळाशीं असलेला संबंध कायमचा तोडतो. इकडे वडिलांसहि वाटतें कीं, मुलाचे ते दोन तास फुकट गेले. तेवढ्या वेळांत अभ्यास तरी झाला असता.

या प्रसंगांत दोष कोणाचा? मुलाच्या अंगच्या गुणांचा, नशिबाचा, कीं सरावाच्या पद्धतीचा? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. कारण एखाद्या मुलानें स्वतःविषयीं कोणतें मत करून घ्यावें, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. सुदैवानें या प्रश्नाचा विचार गेलीं सव्वाशें वर्षें प्रयोगशाळांत, कारखान्यांत आणि मैदानांवर चालू आहे. त्यांतील मुख्य मुख्य गोष्टी विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. तारमास्तरांचा कान

कौशल्य अंगीं कसें बाणतें, याचा पहिला मोठा अभ्यास मैदानावर झाला नाहीं. तो तारेच्या कचेरींत झाला. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाचे विल्यम लो ब्रायन आणि पूर्वीं स्वतः तारमास्तर असलेले नोबल हार्टर या दोघांनीं तारायंत्रावर काम शिकणाऱ्या उमेदवारांची प्रगति आठवड्यागणिक मोजली व तिची हकीकत इ. स. १८९७ व १८९९ मध्यें प्रसिद्ध केली. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली, त्यामुळें आजच्या मुलांनीं त्या यंत्राचें ‘कडकट्ट’ ऐकलें नसेल. तें कसें असे हें आजोबांस विचारावें.

या दोघांस असें आढळलें कीं, तार पाठविण्याचा वेग सावकाश पण एकसारखा वाढत जातो. परंतु आलेली तार ऐकून उतरून घेण्याचा वेग कांहीं काळ वाढतो आणि मग थांबतो. आठवड्यांमागून आठवडे जातात, मेहनत तीच असते, पण आलेखावरील रेषा आडवीच राहते. पुढें एके दिवशीं ती पुन्हां वर चढूं लागते. या आडव्या भागास त्यांनीं ‘पठार’ असें नांव दिलें. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, नवशिका प्रथम एकेक अक्षर ऐकतो, मग संबंध शब्द ऐकूं लागतो आणि शेवटीं वाक्यांचे तुकडेच्या तुकडे त्याच्या कानांत एकदम भरतात. खालची पायरी पक्की होऊन विसरण्याजोगी सहज होईपर्यंत वरच्या पायरीवर पाऊल ठेवतां येत नाहीं. म्हणजे बाहेरून जेथें कांहींच घडत नाहींसें दिसतें, तेथें आंत पायाभरणी चाललेली असते.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. इ. स. १९५८ मध्यें फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, असें पठार प्रत्येकाच्या वाट्यास येतेंच असें नाहीं. पुढील अनेक अभ्यासांत तें आढळलेंच नाहीं. म्हणून पठार हा सृष्टीचा अटळ नियम आहे असें समजूं नये. मात्र तें आलेंच, तर प्रगति संपली असेंहि समजूं नये. दोन आठवडे धांवण्याची वेळ कमी झाली नाहीं म्हणून जो मुलगा बूट टाकून देतो, तो बहुधा फार लवकर निकाल लावून मोकळा होतो.

२. डोळे बांधून काढलेल्या रेषा

‘रोज करीत जा म्हणजे येईल’ असें वडील मंडळी नेहमीं सांगतात. हें सर्वस्वीं खरें आहे काय? कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं याची परीक्षा पाहिली. त्यांनीं कांहीं लोकांस डोळे मिटून ठराविक लांबीच्या रेषा काढावयास लाविल्या. रेषा बरोबर आली कीं चुकली, हें कोणी सांगावयाचें नाहीं. अशा शेंकडों रेषा काढून झाल्या तरी त्या लोकांच्या हातांत सुधारणा म्हणून झाली नाहीं. परंतु प्रत्येक रेषेनंतर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढा एकच शब्द सांगण्यास आरंभ करतांच हात झपाट्यानें सुधारूं लागला. हे प्रयोग इ. स. १९२७ च्या सुमाराचे आहेत. त्यांतून निघालेला धडा असा कीं, नुसत्या पुनरावृत्तीनें कौशल्य येत नाहीं. आपण केलें त्याचा परिणाम काय झाला, हें कळलें पाहिजे. अंधारांत हजार वेळां चेंडू फेंकणारा मुलगा हजार वेळां हात हालवितो, इतकेंच.

मग प्रत्येक प्रयत्नानंतर शिक्षकांनीं चूक सांगत राहावें काय? येथें संशोधकांस अनपेक्षित उत्तर मिळालें. इ. स. १९९० मध्यें कॅरोली विन्स्टाइन व रिचर्ड श्मिट यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं जणांस प्रत्येक प्रयत्नाचा निकाल सांगण्यांत आला व कांहीं जणांस सुमारें अर्ध्याच प्रयत्नांचा. शिकतेवेळीं दोघांत मोठा फरक दिसला नाहीं. परंतु पुढें निकाल न सांगतां परीक्षा घेतली, तेव्हां अर्धेच निकाल ऐकलेल्यांचें काम अधिक चांगलें ठरलें. कारण उघड आहे. ज्यास प्रत्येक पावलास कोणी हात देतो, तो स्वतःचा तोल सांभाळावयास शिकत नाहीं. मैदानाच्या कडेला उभें राहून प्रत्येक फटक्याला ओरडून सूचना देणाऱ्या पालकांनीं हा प्रयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

३. कसबी कामगाराचा हातोडा

रशियांत मॉस्को येथील मध्यवर्ती श्रमसंस्थेंत निकोलाय बर्नस्टाइन नांवाचे शास्त्रज्ञ इ. स. १९२० नंतरच्या दशकांत कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करीत होते. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हाताच्या सांध्यांवर व हातोड्यावर लहान लहान दिवे बांधून त्यांनीं त्यांचीं छायाचित्रें घेतलीं. कोणासहि वाटेल कीं, वर्षानुवर्षें तेंच काम करणाऱ्या माणसाची हालचाल दर वेळीं सांच्यांतून काढल्याप्रमाणें एकसारखी असेल. पण तसें नव्हतें. खांदा, कोंपर व मनगट यांची हालचाल दर वेळीं थोडी थोडी निराळी होती. तरी हातोडा जेथें पडावयाचा तेथेंच पडत होता. एका सांध्यांत झालेला फरक दुसरा सांधा भरून काढीत होता.

यावरून बर्नस्टाइन यांनीं जें मत मांडलें, तें आजहि या शास्त्राचा पाया मानलें जातें. सराव म्हणजे एकच उत्तर पुन्हां पुन्हां गिरविणें नव्हे. एकच प्रश्न पुन्हां पुन्हां नव्यानें सोडविणें म्हणजे सराव. वारा बदलतो, चेंडू झिजतो, पाय घसरतो, प्रतिपक्षी हुशार असतो. म्हणून कालचें उत्तर आज जसेंच्या तसें चालत नाहीं.

हें मत वाचलें कीं क्रिकेटच्या इतिहासांतील एका मुलाची आठवण होते. ऑस्ट्रेलियांतील बाउरल गांवीं डोनाल्ड ब्रॅडमन हा लहानपणीं घरामागें एकटाच खेळे. हातांत बॅटऐवजीं क्रिकेटचा एक स्टंप आणि चेंडूऐवजीं गोल्फचा चेंडू. पाण्याच्या टाकीच्या विटांच्या गोल बैठकीवर तो चेंडू आदळावयाचा आणि वेडावांकडा उसळून येतांच बारीकशा काठीनें टोलवावयाचा. कसोटी सामन्यांत ज्यांची सरासरी ९९.९४ धांवांची झाली, त्या ब्रॅडमन यांचा हा बालपणींचा सराव. त्यांच्या यशास अनेक कारणें असतील. एकट्या टाकीस त्याचें श्रेय देतां येणार नाहीं. पण त्या चेंडूनें दर वेळीं मुलापुढें नवा प्रश्न टाकला, हें मात्र खरें.

४. दोन मुलगे आणि तीन सर्व्हिसा

आतां आपण या लेखाच्या मुख्य विषयाकडे येऊं. समजा, रघुनाथ आणि शमुवेल हे दोघे बॅडमिंटन शिकत आहेत. त्यांना तीन प्रकारच्या सर्व्हिसा शिकावयाच्या आहेत: जाळीलगत पडणारी आंखूड, मागच्या रेषेपर्यंत जाणारी उंच लांब, आणि सरळ वेगानें जाणारी सपाट. दोघेहि रोज छत्तीस सर्व्हिसा करतात. रघुनाथ सोमवारीं छत्तीसहि आंखूड करतो, बुधवारीं छत्तीसहि लांब, शुक्रवारीं छत्तीसहि सपाट. शमुवेल मात्र रोज तिन्ही मिसळतो: एक आंखूड, मग सपाट, मग लांब, पुन्हां आंखूड, अशा रीतीनें कीं, लागोपाठ एकच प्रकार येऊं नये. वाचकांनीं पुढें वाचण्यापूर्वीं क्षणभर थांबून ठरवावें: सामन्याच्या दिवशीं कोणाची सर्व्हिस चांगली होईल?

बहुतेक जण रघुनाथाचें नांव घेतात. एक गोष्ट पक्की करावी आणि मग दुसरी घ्यावी, असेंच आपणांस शिकविलेलें असतें. पण या प्रश्नाचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेंतील लुइझियाना राज्य विद्यापीठांतील सिना गूड व रिचर्ड मॅगिल यांनीं इ. स. १९८६ मध्यें तो प्रसिद्ध केला. बॅडमिंटनचा अनुभव नसलेल्या विद्यार्थिनींनीं तीन आठवडे, आठवड्यांतून तीन दिवस, दर दिवशीं ३६ याप्रमाणें सर्व्हिसा केल्या. कांहींनीं सलग एकाच प्रकारचा सराव केला, तर कांहींनीं मिश्र. सराव संपल्यावर परीक्षा घेतली, तेव्हां मिश्र सराव केलेल्या मुलींची सर्व्हिस सरस ठरली. इतकेंच नव्हे, तर ज्या बाजूनें त्यांनीं कधींच सराव केला नव्हता, त्या बाजूनें सर्व्हिस करावयास सांगितलें तेव्हांहि त्याच पुढें राहिल्या. येथें सांगण्यास हरकत नाहीं कीं, या खेळाशीं आपला जुना संबंध आहे. त्याचे आरंभींचे नियम इ. स. १८७३ च्या सुमारास पुण्यास असलेल्या इंग्रज लष्करी मंडळींनीं बांधले आणि कांहीं काळ तो ‘पूना’ याच नांवानें ओळखला जाई.

या प्रयोगाच्या आधीं इ. स. १९७९ मध्यें जॉन शे व रॉबिन मॉर्गन यांनीं प्रयोगशाळेंत हीच गोष्ट दाखविली होती. त्यांनीं ७२ विद्यार्थ्यांस लांकडी अडथळे ठराविक क्रमानें हातानें झपाट्यानें पाडावयास शिकविलें. क्रम तीन प्रकारचे होते व प्रत्येकाचा सराव १८ वेळां, म्हणजे एकूण ५४ वेळां करावयाचा होता. सरावाच्या वेळीं सलग पद्धतीचे विद्यार्थी स्पष्टपणें पुढें होते. परंतु दहा मिनिटांनीं आणि पुन्हां दहा दिवसांनीं परीक्षा घेतली, तेव्हां मिश्र पद्धतीच्या विद्यार्थ्यांनीं त्यांस मागें टाकलें.

अनुभवी खेळाडूंची गोष्ट काय? इ. स. १९९४ मध्यें कॅलिफोर्नियांतील एका महाविद्यालयीन बेसबॉल संघांतील खेळाडूंवर असाच प्रयोग झाला. सहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, त्यांस नेहमींच्या सरावाखेरीज ४५ चेंडू जादा टोलवावयास दिले: तीन प्रकारचे, प्रत्येकीं १५. एका गटास एकेक प्रकार सलग, दुसऱ्यास तिन्ही मिसळून. आणि तिसऱ्या गटास जादा सराव दिलाच नाहीं. शेवटीं मिश्र गटाची सुधारणा सुमारें ५७ टक्के, सलग गटाची सुमारें २५ टक्के आणि तिसऱ्या गटाची सुमारें ६ टक्के भरली.

५. असें कां होतें?

याचें उत्तर आपल्या पाढ्यांत आहे. बारा एकें बारा, बारा दुणें चोवीस असा पाढा ओळीनें घडाघडा म्हणणारा मुलगा पुष्कळ वेळां आढळतो. त्याला मध्येंच विचारावें, "बारा सत्तें किती?" तो गोंधळतो आणि मनांतल्या मनांत पुन्हां ‘बारा एकें’ पासून सुरुवात करतो. याचें कारण असें कीं, ओळीनें म्हणतांना प्रत्येक आंकडा पुढच्या आंकड्यास हात देतो. मुलास स्वतः कांहीं शोधावें लागत नाहीं. सलग सरावांत नेमकें हेंच होतें. पहिल्या दोन-चार सर्व्हिसांत हात बसतो आणि पुढच्या तीस सर्व्हिसा मागल्यांच्या जोरावर निघून जातात. शमुवेलाला मात्र दर वेळीं नव्यानें ठरवावें लागतें: आतां कोणती सर्व्हिस, किती जोर, कोणता कोन? मधल्या काळांत तो थोडें विसरलेला असतो आणि तें त्याला पुन्हां आठवून जुळवावें लागतें. हें आठविणें व जुळविणें हाच खरा व्यायाम होय. शिवाय तिन्ही प्रकार जवळ जवळ आल्यामुळें त्यांतील फरक त्याच्या मनावर स्पष्ट उमटतो. सामन्यांत तरी काय असतें? तेथें प्रत्येक सर्व्हिस एकदांच करावयाची असते. लागोपाठ छत्तीस वेळां करण्याची सवलत तेथें कोणी देत नाहीं.

६. सरावाच्या दिवसाची फसवणूक

येथपर्यंत वाचलेल्या वाचकास एक शंका येईल. ही पद्धति इतकी हितकर आहे, तर सर्वांनीं ती आपण होऊन कां उचलली नाहीं? कारण सरावाच्या वेळीं ती वाईट दिसते. रघुनाथाचा हात सरावांत सुरेख चालतो, शमुवेलाच्या चुका होत असतात. लॉस एंजेलिस येथील डॉमिनिक सायमन व रॉबर्ट ब्यॉर्क यांनीं इ. स. २००१ मध्यें शिकणाऱ्यांसच विचारलें, "उद्यां तुमचें काम कितपत चांगलें होईल?" सलग सराव केलेल्यांस मोठा आत्मविश्वास होता व मिश्र सराव केलेल्यांस शंका होती. दुसऱ्या दिवशीं परीक्षेंत झालें उलटेंच. म्हणजे आपण किती शिकलों, हें सरावाच्या सुखावरून ओळखतां येत नाहीं. सरावांतील कामगिरी ही एक गोष्ट, शिकणें ही दुसरी. पहिली लगेच दिसते. दुसरी कांहीं दिवसांनीं, नव्या ठिकाणीं, अडचणींत कळते.

वेळेच्या विभागणीचेंहि असेंच आहे. इंग्लंडच्या टपालखात्यांतील ७२ पोस्टमनांस टंकयंत्राच्या कळा चालविण्यास शिकवावयाचें होतें. ॲलन बॅडली व डी. लाँगमन यांनीं त्यांचे चार गट केले व त्याचा निकाल इ. स. १९७८ मध्यें प्रसिद्ध केला. रोज एकच तास शिकणाऱ्या गटानें सुमारें ३५ तासांत कळा आत्मसात केल्या. रोज चार तास शिकणाऱ्यांस त्याच कामास सुमारें ५० तास लागले. तथापि समाधान कोणास कमी होतें? रोज एक तास शिकणाऱ्यांस! दिवसांच्या हिशेबानें आपण मागें राहिलों असें त्यांस वाटत होतें. सामन्याच्या आधीं चार दिवस मैदानावर मरमर करणाऱ्या मुलांनीं व परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणाऱ्या मुलांनींहि हें मनावर घ्यावें.

कारण ही गोष्ट मैदानापुरती नाहीं. डग रोहरर व केली टेलर यांनीं इ. स. २००७ मध्यें विद्यार्थ्यांस निरनिराळ्या घनाकृतींचें घनफळ काढण्याचीं उदाहरणें दिलीं. एका गटानें एकाच आकृतीचीं उदाहरणें ओळीनें सोडविलीं, दुसऱ्यानें मिसळून. सोडवितांना सलग गटाचीं ८९ टक्के उत्तरें बरोबर आलीं, मिश्र गटाचीं ६० टक्के. आठवड्यानें परीक्षा झाली. तेव्हां सलग गटाचीं २० टक्के, तर मिश्र गटाचीं ६३ टक्के! ज्या मुलाची वही बरोबरच्या खुणांनीं भरलेली आहे तोच परीक्षेंत कां अडखळतो, याचा कांहींसा उलगडा यावरून होतो.

७. डोळा आणि चेंडू

वेगवान गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोंचण्यास सुमारें अर्धा सेकंद लागतो. ‘मोठ्या खेळाडूंची नजरच विजेसारखी’ असें आपण म्हणतों. ऑक्सफर्ड येथील पीटर मॅक्लाउड यांनीं इ. स. १९८७ मध्यें याची परीक्षा घेतली. चटईखालीं लांकडी पट्ट्या ठेवून त्यांनीं चेंडू टप्पा पडल्यावर अवचित डावीउजवीकडे वळेल अशी योजना केली. तेव्हां इंग्लंडच्या संघांतून खेळलेल्या फलंदाजांसहि वळण पाहून बॅट फिरवावयास सुमारें पांचवा हिस्सा सेकंद लागलाच. या बाबतींत ते सामान्य माणसांहून निराळे ठरले नाहींत. मग त्यांचें श्रेष्ठत्व कशांत? इ. स. २००० मध्यें मायकेल लँड व मॅक्लाउड यांनीं फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. चेंडू सुटतांना फलंदाज तो पाहतो, आणि मग त्याचे डोळे चेंडूच्या पुढें उडी मारून जेथें टप्पा पडणार तेथें आधींच जाऊन बसतात. निष्णात फलंदाजाची ही उडी लवकर होते. म्हणजे फरक डोळ्यांच्या तीक्ष्णतेंत नसून पूर्वज्ञानांत आहे; आणि पूर्वज्ञान निरनिराळे चेंडू खेळूनच येतें. एकाच वेगानें, एकाच जागीं टप्पा पडणारे शंभर चेंडू खेळणाऱ्यास तें येणार नाहीं.

८. दहा हजार तासांची गोष्ट

‘दहा हजार तास सराव करा म्हणजे कोणीहि निष्णात होतो’ असें वाक्य हल्लीं पुष्कळांच्या तोंडीं असतें. त्याचें मूळ अँडर्स एरिक्सन व त्यांचे सहकारी यांच्या इ. स. १९९३ मधील अभ्यासांत आहे. बर्लिन येथील संगीतविद्यालयांतील सर्वोत्तम व्हायोलिनवादकांनीं वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरीनें दहा हजार तासांच्या घरांत एकांतांत सराव केला होता. ही सरासरी होती, नियम नव्हे; मॅल्कम ग्लॅडवेल यांच्या इ. स. २००८ मधील पुस्तकानें तिला नियमाचें रूप आलें व त्याविरुद्ध खुद्द एरिक्सन यांनींच तक्रार केली. पुढें ब्रूक मॅक्नमारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. २०१६ मध्यें खेळांविषयींचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलें, तेव्हां खेळाडूंच्या कामगिरींतील फरकापैकीं सुमारें १८ टक्केच सरावाच्या तासांशीं निगडित आढळला. बाकीच्यांत शरीराची ठेवण, शिक्षक, संधि, प्रकृति इत्यादि पुष्कळ गोष्टी येतात. म्हणून तासांचा हिशेब सांगून मुलास भिववूं नये आणि त्याला खोटी आशाहि लावूं नये. उंची आपल्या हातीं नाहीं. पण हातीं असलेला तास कसा घालवावा, हें बऱ्याच अंशीं आपल्या हातीं आहे.

९. या ज्ञानाची मर्यादा

मिश्र सराव हें सर्व रोगांवरील औषध नव्हे. फ्रँक ब्रेडी यांनीं इ. स. २००४ मध्यें अशा अनेक प्रयोगांचा एकत्र विचार केला, तेव्हां असें दिसलें कीं, प्रयोगशाळेंतील कामांत या पद्धतीचा लाभ बराच दिसतो, परंतु मैदानावरील खऱ्या खेळांत तो पुष्कळ कमी भरतो. लहान मुलांतहि तो बेताचाच असतो. हें योग्यच आहे. ज्याला रॅकेट कशी धरावी हेंच अजून कळत नाहीं, त्याच्यापुढें तीन प्रकार एकदम मांडले तर तो भांबावून जाईल. म्हणून आरंभीं थोडा वेळ एकच गोष्ट सलग करावी. ती ढोबळमानानें जमूं लागतांच दुसरीशीं मिसळावी. ती निर्दोष होईपर्यंत थांबूं नये.

१०. मुलांनीं करून पाहावयाचा प्रयोग

शास्त्रीय गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानण्यापेक्षां स्वतः पाहून मानावी. इ. स. १९७८ मध्यें आर. कर व बी. बूथ यांनीं आठ वर्षांच्या मुलांस धान्याच्या लहान पिशव्या नेमावर टाकावयास शिकविलें. कांहींनीं तीन फुटांवरूनच सराव केला. कांहींनीं दोन व चार फुटांवरून, तीन फुटांवरून कधींच नाहीं. बारा आठवड्यांनीं तीन फुटांवरूनच परीक्षा झाली आणि ज्यांनीं त्या अंतरावरून सराव केलाच नव्हता, तींच मुलें सरस ठरलीं! हा प्रयोग आपल्या अंगणांत करण्यास चिंध्यांचा एक चेंडू, खडू आणि वही एवढें साहित्य पुरे. बारा मित्र जमवावे व चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडावे. आपल्या मर्जीनें पाडूं नयेत, नाहींतर चांगले नेमबाज एकाच गटांत जातील. एका गटानें बारा पावलांवरून खडूच्या वर्तुळांत चेंडू टाकावा. दुसऱ्यानें आळीपाळीनें आठ व सोळा पावलांवरून. दोघांच्या फेंकींची संख्या सारखीच असावी. दोन आठवडे असा सराव करून एक आठवडा विश्रांति घ्यावी आणि मग सर्वांची परीक्षा बारा पावलांवरून घ्यावी. आंकडे जसेचे तसे लिहावे. निकाल येथें सांगितल्याप्रमाणें न आला तरी तो बदलूं नये. बारा मुलें ही संख्या लहान आहे आणि एका प्रयोगानें कांहींच सिद्ध होत नाहीं. पुढील वर्षीं दुसऱ्या वर्गानें तो पुन्हां करावा.

आतां आरंभीं ज्या मुलाची गोष्ट सांगितली त्याच्याकडे वळूं. सामन्याहून परतून मान खालीं घालून बसलेल्या त्या मुलास आपण काय सांगावें? ‘तुझ्या अंगीं गुण नाहीं’ असें सांगण्यास आपणांस आधार नाहीं. ‘तूं आळशी आहेस’ हेंहि खरें नाहीं. त्यास असें सांगावें कीं, बाळ, तूं एकच उत्तर फार वेळां घोकलेंस. प्रश्न बदलतांच तें अपुरें पडलें. उद्यांपासून थोडा थोडा, रोज, मिसळून सराव कर. त्यांत चुका होतील, त्या होऊं दे. आणि पालकांसहि विनंति अशी कीं, सरावाच्या दिवशींच्या चुका मोजून मुलाची किंमत ठरवूं नये. ज्या दिवशीं तो चुकत चुकत खेळत असतो, कदाचित् त्याच दिवशीं तो सर्वांत जास्त शिकत असतो.